सिनेमे बघून जर्मन शिकताय? मग हा क्रम सोडू नका

बऱ्याच जणांचं असं होतं की एखाद्या जर्मन सिरीजचे दोन-तीन सीझन संपवले, गोष्ट तोंडपाठ झाली, कोणी कुणाचा खून केला तेही माहीत, पण जर्मन किती आलं असं विचारलं तर ‘दांके’, ‘शायसं’ आणि अजून दोन शिव्या. यात डोक्याचा काही दोष नाही, क्रमाचा आहे. इंग्रजी सबटायटल्स लावून बघितलं की डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात, आणि आपल्याला वाटतं दोन तास जर्मन ऐकलं, तर ते दोन तास इंग्रजी वाचण्यात गेलेले असतात.

म्हणून इथे आख्खा सिनेमा सगळ्यात शेवटी येतो. आधी फक्त दोन-तीन मिनिटांचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर आधी कान, मग डोळे, मग तोंड. हा क्रम उलटा केला की बाकी कितीही मेहनत घ्या, वाया जाते.

## १. आधी तपासा, सिनेमा झेपणार आहे का

शून्यापासून सिनेमे बघून जर्मन येत नाही. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात, त्यातली ए१ पूर्ण आणि ए२ निम्मी तरी झालेली असावी. म्हणजे वर्तमानकाळ येतो, ‘क्योनन, म्युसन, वोलन’ ही मंडळी ओळखीची आहेत, आणि ‘इश हाबे गेगेसन’ ऐकलं की हे होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल चाललंय एवढं कळतं. स्वतःला असं वाक्य बनवता आलं नाही तरी चालेल, पण समोर आलं तर ओळखता आलं पाहिजे.

एक सोपी परीक्षा घ्या. कुठलाही सीन लावा, आवाज बंद करा, जर्मन सबटायटल्स चालू करा, पॉज करत करत सलग दहा ओळी वाचा. त्यातल्या सहा-सात ओळींचा अर्थ डिक्शनरी न उघडता लागला तर पुढे जा. नाही लागला तर हा सिनेमा तुमच्यासाठी अजून नाही, कारण जे निवांत वाचून कळत नाही ते धावत्या आवाजात कळण्याची शक्यता जवळपास नाहीच. मधल्या काळात डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ बघा, ती ए१ ते बी१ अशी पायरीपायरीने नेणारी, शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली फुकट मालिका आहे आणि तिच्यासोबत सरावही दिलेत. त्यात कमीपणा काही नाही.

## २. काय बघायचं, आणि काय सध्या नको

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. कुठल्या तरी ‘सर्वोत्तम दहा जर्मन चित्रपट’ यादीतला पहिला सिनेमा लावतात, तो निघतो युद्धपट, आणि मग दोन तास पाणबुडीत नाहीतर खंदकात लोक एकमेकांवर ओरडतायत. त्यातले हुकूम आणि हत्यारांची नावं तुम्हाला आयुष्यात कुठेच वापरायची नाहीयेत. सिनेमा म्हणून चांगला असणं आणि शिकायला चांगला असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

सुरुवातीला हवं काय, तर आजच्या काळातली गोष्ट, घरात किंवा ऑफिसात किंवा शाळेत घडणारी, एका वेळी दोन-तीन माणसंच बोलतायत अशी. कौटुंबिक नाटक, हलकी कॉमेडी चालेल. आणि शक्यतो सिनेमापेक्षा सिरीज घ्या, कारण तेच आवाज परत परत येतात, दोन-तीन भागांनंतर कानाला त्या माणसांची सवय होते, सिनेमात मात्र सवय होईपर्यंत ‘समाप्त’ येतं.

पोलिसांच्या गोष्टी आवडत असतील तर त्याही चालतात. ‘तातओर्ट’ ही १९७० पासून चालू असलेली मालिका, एकेक भाग साधारण ९० मिनिटांचा, प्रत्येक शहराची वेगळी टीम. त्यातले चौकशीचे सीन शिकायला फार कामाचे: दोघंजण समोरासमोर, एक प्रश्न एक उत्तर, मध्ये शांतता, आणि सगळं ‘तुम्ही’ म्हणून. ‘वो वारन झी गेस्टर्न आबंट?’, म्हणजे काल संध्याकाळी कुठे होतात, हा प्रश्न तर इतक्यांदा ऐकाल की झोपेतही विचाराल. शवविच्छेदनाचे सीन मात्र खुशाल सोडून द्या.

ए२ वाल्यांनी मुलांचा ‘जेंडुंग मिट डेर माउस’ हा कार्यक्रम बघायला लाजू नये, १९७१ पासून चालूय, आणि एखादी वस्तू कशी बनते ते दाखवताना त्यात निवेदक अगदी साध्या छोट्या वाक्यांत बोलतो, शिवाय जे बोलतो तेच पडद्यावर दिसत असतं. पण याचा अर्थ मुलांचं सगळंच सोपं असा नाही. कार्टूनमध्ये चिरके आवाज, बनवलेले शब्द, यमकं, कोट्या. मोठ्यांच्या साध्या सिरीजपेक्षा ते कधीकधी जास्त अवघड जातं.

आणि १९९८ चा ‘लोला रेंट’ मुद्दाम सुचवतो. जेमतेम ८० मिनिटांचा आहे, आणि त्यात तीच वीस मिनिटं तीनदा घडतात, थोडा थोडा फरक होत. संवाद कमी, पण तीच परिस्थिती परत येते म्हणजे उजळणी सिनेमाच करून घेतो.

सध्या नको ते:

- स्वित्झर्लंडच्या बोलीतलं काहीही. ती इतकी वेगळी आहे की ‘तातओर्ट’चे स्विस भाग जर्मनीत दाखवताना प्रमाण जर्मनमध्ये आवाज देऊन दाखवतात. म्हणजे जर्मन माणसालाही जड जातं, तर तुम्ही कशाला त्रास करून घेताय.
- बवेरियन आणि ऑस्ट्रियन गावाकडच्या कॉमेड्या.
- राजेरजवाड्यांच्या काळातले सिनेमे.
- टोळ्या, ड्रग्ज, रॅप वगैरेंच्या सिरीज. बघायला मजा येते, पण त्यातली भाषा मुलाखतीत वापरलीत तर संपलं.

> तपासून बघा: निवडलेल्या भागाची मधलीच पाच मिनिटं लावा, म्युझिकच जास्त आहे, की ओरडाआरडा, की माणसं बोलतायत? निम्म्याहून जास्त वेळ माणसं बोलत असतील तरच घ्या.

## ३. ऑडिओ आणि सबटायटल जुळतात का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि सगळा घोळ इथून सुरू होतो.

जर्मनीत परदेशी सिनेमे सर्रास डब करून दाखवतात, त्यामुळे तुमच्या आवडीच्या इंग्रजी सिरीजचाही जर्मन ऑडिओ बहुतेक वेळा मिळतो. मग लोक जर्मन ऑडिओ लावतात, जर्मन सबटायटल्स लावतात, आणि डोकं धरून बसतात की मला ऐकू येतंय वेगळं आणि दिसतंय वेगळं, माझ्या कानातच काहीतरी गडबड आहे. कान ठीक आहेत. डबिंग करणाऱ्याला वाक्य ओठांच्या हालचालीत आणि तेवढ्याच वेळात बसवायचं असतं, सबटायटल करणाऱ्याला ते दोन ओळींत आणि वाचायला पुरेल अशा वेळात बसवायचं असतं, आणि बऱ्याचदा ही दोन कामं वेगवेगळ्या लोकांनी मूळ इंग्रजीवरून केलेली असतात. अर्थ तोच, शब्द वेगळे.

म्हणून सरळ वाटणी करा. तुकड्यावर बारीक काम करायचंय तर मूळ जर्मनमध्येच बनलेला सिनेमा किंवा सिरीज घ्या. डब केलेलं फक्त सलग ऐकायला ठेवा, सबटायटल न लावता, आणि तेही आधी बघितलेलं, गोष्ट माहीत असलेलं. त्याला डबिंग उलट उत्तम, कारण आवाज स्टुडिओत रेकॉर्ड केलेले असतात, स्वच्छ, रस्त्यावरचा गोंगाट नाही, कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही.

सबटायटल्समध्येही दोन प्रकार असतात. नुसतं ‘डॉयच’ आणि दुसरं ‘डॉयच सीसी’ किंवा ऐकू न येणाऱ्यांसाठीचं, ज्यात दार वाजलं, फोन वाजला असंही चौकटी कंसात लिहिलेलं येतं. दुसरं मिळालं तर तेच घ्या, ते सहसा बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ असतं. तरी भरभर भांडण चाललं असेल तिथे तेही कापलेलं असतं, हे धरून चाला.

> तपासून बघा: एका सीनमधल्या दहा ओळी घ्या. प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द ऐकू येतोय तोच लिहिलाय का? आठ ओळी जुळल्या तर ठीक. पात्र चार सेकंद बोलतंय आणि खाली दोनच शब्द दिसतायत असं वारंवार होत असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

स्ट्रीमिंगवर जर्मन सबटायटल दिसतच नसतील तर एक वेगळं प्रोफाइल बनवून त्याची भाषा जर्मन करून बघा, बऱ्याचदा लपलेले पर्याय बाहेर येतात. एआरडी आणि झेडडीएफ या जर्मन सार्वजनिक वाहिन्यांच्या मेडियाथेकवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन व्हिडिओ-संग्रहावर, बरंच काही फुकट आणि सबटायटल्ससकट असतं, पण काही गोष्टी जर्मनीबाहेर उघडत नाहीत, आणि बहुतेक व्हिडिओंना मुदत असते, पानावर तारीख लिहिलेली असते ती बघा. पुढच्या महिन्यासाठी ठरवलेली सिरीज या आठवड्यात गायब झाली असं होऊ शकतं.

## ४. सामान

फार काही नाही. हेडफोन हवेतच, टीव्हीच्या स्पीकरवर शब्दाची शेपटं ऐकू येत नाहीत. वही आणि पेन. मागे-पुढे नेता येईल, वेग कमी करता येईल असा प्लेअर. फाइल असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ए-बी लूप आहे, दोन टोकं ठरवली की मधला भाग फिरत राहतो. डिक्शनरीसाठी डूडेन किंवा डीडब्ल्यूडीएस, दोन्हीकडे बऱ्याच शब्दांचा उच्चार ऐकता येतो. फोनच्या कीबोर्डमध्ये जर्मन भाषा टाकून घ्या, उमलाउटवाली, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं शोधण्यात वेळ जायला नको. झालं.

## ५. तुकडा पाडा

दोन ते तीन मिनिटं, जास्त नाही. दोघंजण बोलतायत असा, आणि ज्याला सुरुवात-शेवट आहे असा सीन: कोणीतरी आत येतं, काहीतरी मागतं, मिळतं किंवा मिळत नाही. सुरुवातीची आणि शेवटची वेळ वहीत लिहून ठेवा, कारण परत तिथेच यायचंय. पाच मिनिटांचा तुकडा घेणारे उत्साही लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात असा अनुभव आहे.

## ६. पहिलं ऐकणं, सबटायटलशिवाय

दोनदा ऐका. पॉज नाही, मागे जाणं नाही. मग वहीत चार गोष्टी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालेल: कोण बोलतंय, कुठे, कोणाला काय हवंय, आणि ते एकमेकांना ‘दू’ म्हणतायत की ‘झी’.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो सोडू नका. तू आणि तुम्ही हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, त्यामुळे कोण कोणाला काय म्हणतं यावरून नातं लगेच कळतं, आणि सीनच्या मध्येच कोणी ‘झी’वरून ‘दू’वर आलं तर तिथे काहीतरी घडलंय, मैत्री किंवा भांडण. फक्त एक काळजी: ‘झी’ म्हणजे तुम्ही, ती, आणि ते लोक, तिन्ही. ‘ती’ असेल तर क्रियापद बहुतेक वेळा ‘ट’ वर संपतं, ‘झी कॉम्ट’, आणि बाकी दोन्हींत ‘न’ वर, ‘झी कॉमन’.

> इशारा: काहीच कळलं नाही असं वाटलं तरी लगेच सबटायटल चालू करू नका. चार ओळी लिहाच, अंदाजाने का होईना. अंदाज बांधलेला असला की नंतर उत्तर दिसल्यावर ते डोक्यात बसतं, नाहीतर नुसतं डोळ्यांपुढून जातं.

## ७. सहा-आठ ओळी कानाने लिहून काढा

आख्ख्या तुकड्याचं नाही, त्यातल्या फक्त सहा ते आठ वाक्यांचं. एक वाक्य, पॉज, लिहा. नाही कळलं तर परत. एका वाक्याला चार वेळा, बस, त्यानंतर जिथे कळलं नाही तिथे रिकामी रेघ सोडा किंवा जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून टाका आणि पुढे चला. ही पायरी कंटाळवाणी आहे, खोटं कशाला सांगू, पण कान तयार होतात ते इथेच.

वेग कमी करायचा असेल तर पाऊण करा, अर्धा नको, अर्ध्यावर आवाज फाटतो. आणि वेग कमी केल्याने गिळलेले आवाज परत येत नाहीत हे लक्षात ठेवा, बोलणाऱ्याने जो स्वर उच्चारलाच नाही तो हळू चालवून कुठून येणार. शेवटचं ऐकणं कायम पूर्ण वेगात.

## ८. आता जर्मन सबटायटल, आणि चुकांचे तीन ढीग

आता सबटायटल लावा आणि लाल पेनाने दुरुस्त करा. किती चुकलं हे मोजू नका, कशामुळे चुकलं ते बघा. प्रत्येक चूक तीनपैकी एका ढिगात जाते आणि प्रत्येक ढिगाचं औषध वेगळं आहे. लोक तिन्हींवर एकच औषध लावतात, शब्द पाठ करणं, आणि मग म्हणतात फरक पडत नाही.

पहिला ढीग: शब्दच माहीत नव्हता. सोपं प्रकरण, पुढच्या पायरीत जाईल.

दुसरा ढीग: शब्द माहीत होता, पण ऐकू आला नाही. हाच ढीग बहुतेकांचा सगळ्यात मोठा असतो. पुस्तकातलं जर्मन आणि तोंडातलं जर्मन यात बरीच काटछाट होते:

- ‘हाबन वीर’ चं ‘हाम्वा’
- ‘हास्ट दू’ चं ‘हास्टं’, ‘विल्स्ट दू’ चं ‘विल्स्टं’
- ‘निश्ट’ चं ‘निश’, ‘इस्ट’ चं ‘इस’, ‘येत्स्ट’ चं ‘येत्स’
- ‘आइनं’ चं नुसतं ‘नं’, ‘आइनन’ चं ‘नन’
- ‘आउफ डेम’ चं ‘आउफ्म’, ‘मिट डेम’ चं ‘मिट्म’
- ‘एत्वास’ चं ‘वास’, म्हणजे ‘काहीतरी’ आणि ‘काय’ एकसारखे ऐकू येतात

सबटायटलमध्ये यातलं बरंच पूर्ण करून लिहिलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांना कळतच नाही की कानात काय पडलं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, डावीकडे लिहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं, आणि प्रत्येक तुकड्यातून भर घालत जा. नवं येणं हळूहळू कमी होतं, कारण काटछाटीचे हे प्रकार काही अनंत नाहीत.

उच्चारांचंही इथेच बघून घ्या. शब्दाच्या शेवटचे ग, द, ब कडक होतात, ‘टाग’ लिहिलेलं ‘टाक’ ऐकू येतं, ‘हुंड’ चं ‘हुंट’. शेवटचा ‘एर’ जवळजवळ ‘आ’ होतो, ‘मुटर’ नाही, ‘मुटा’. जर्मन झेडचा आवाज आपल्याकडे आहेच, चमचा आणि चूल मधला च, चहातला नाही. ‘त्साइट’, ‘त्सूक’ म्हणताना तोच वापरा.

तिसरा ढीग: शब्द सगळे ऐकू आले, अर्थ लागला नाही. इथे मुख्य संशयित म्हणजे तुटणारी क्रियापदं. ‘माख दी ट्यूर आउफ’ म्हणजे दार उघड, ‘माख दी ट्यूर त्सू’ म्हणजे दार लाव, फरक फक्त शेवटच्या शब्दात. सवय अशी लावा की वाक्य संपेपर्यंत अर्थ ठरवायचाच नाही. खरं तर क्रियापद शेवटी येण्याची आपल्याला सवय असते, पण परकी भाषा ऐकताना आपण इंग्रजीच्या सवयीने पहिल्या तीन शब्दांत निकाल लावतो, तो सोडा.

दुसरा संशयित, ते छोटे शब्द: दोख, माल, डेन, हाल्ट, या. डिक्शनरीत यांचे अर्थ शोधू नका, भरकटाल. आपण बोलताना ‘ना’, ‘की’, ‘जरा’, ‘बरं’ घालतो तसंच हे काम. ‘कॉम दोख मिट’ म्हणजे ‘चल ना’, ‘कुक माल’ म्हणजे ‘बघ जरा’. आणि ‘येणार नाहीस का?’ ला ‘दोख!’ म्हणजे ‘येणार की!’. प्रत्येक वेळी पात्राचा चेहरा बघा, अर्थ तिथे आहे.

तिसरा, काळ. संवादात बहुतेक ‘इश हाबे गेझागट’ असा प्रकार येतो, पण गोष्ट सांगणारा पार्श्वभूमीचा आवाज सुरू झाला की ‘एर झाक्टं’, ‘एर गिंग’ असली लेखी रूपं येतात. ‘वार’, ‘हाटं’ आणि ‘कोंटं, मुस्टं’ मात्र बोलण्यातही सर्रास. निवेदकाची भाषा उचलून मित्रांशी बोलायला गेलात तर पुस्तक वाचून दाखवल्यासारखं वाटेल.

एक गोष्ट सिनेमा पुस्तकापेक्षा कितीतरी चांगली शिकवतो, ती इथेच पकडा. ‘इश गेहं इन दी क्युशं’ आणि ‘इश बिन इन डेर क्युशं’: पहिल्यात माणूस स्वयंपाकघरात जातोय, दुसऱ्यात तो आधीच तिथे आहे. आपण दोन्हीला ‘स्वयंपाकघरात’च म्हणतो, म्हणून दी आणि डेर मध्ये कायम गडबड होते. पडद्यावर मात्र दिसतं, पाय चालतायत की माणूस बसलाय. तुकड्यात ‘इन’, ‘आउफ’, ‘आन’ आलं की थांबा आणि बघा, हालचाल आहे की नाही.

> इशारा: इंग्रजी सबटायटल लावायचंच असेल तर ते इथे, या पायरीच्या शेवटी, एकदाच, राहिलेल्या शंकेपुरतं. याच्या आधी कधीच नाही. दोन भाषांची सबटायटल्स एकाच वेळी दाखवणारी एक्सटेन्शन्स सोयीची आहेत, पण डोळा कायम सोप्या ओळीवर जातो, म्हणून खालची ओळ झाकता येत असेल तरच वापरा.

## ९. शब्द उचला, पण मोजके

एका तुकड्यातून जास्तीत जास्त आठ. तीस शब्द लिहून ठेवणाऱ्याकडे तीस शब्दांची यादी असते, बाकी काही नसतं.

कुठले आठ? परत ऐकायला मिळतील असे. ‘शवागार’ नको, ‘थांब जरा’ हवं. सुटा शब्द लिहू नका, आख्खी ओळ लिहा, जशी पात्र बोललं तशी. नाम असेल तर डेर-दी-दास आणि अनेकवचन सोबत हवंच. आपल्याला तो-ती-ते असल्यामुळे तीन लिंगं ही भानगड नवी नाही, पण मराठीवरून अंदाज लावू नका: मुलगी ती, पण ‘मेटशन’ दास, सूर्य तो, पण ‘झोनं’ दी. ॲन्की हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरत असाल तर कार्डावर शब्दाऐवजी ओळीचा आवाज टाका, पुढे आवाज, मागे लिहिलेली ओळ. त्याने वाचनाऐवजी ऐकण्याची उजळणी होते.

## १०. तोंड उघडा

हे एकट्याने, दार लावून करा, म्हणजे लाज वाटणार नाही. एका पात्राच्या चार-पाच ओळी घ्या. आधी ओळ ऐका, पॉज, तशीच म्हणा. मग पॉज न करता त्याच्यासोबतच, अर्धा सेकंद मागे राहून म्हणत जा. उच्चारापेक्षा आधी चाल पकडा: कुठला शब्द जोरात, कुठले गिळले, आवाज कुठे खाली उतरला. मग फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ ओळीच्या शेजारी लावून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला कोणालाच आवडत नाही, ऐका.

मग एक छोटा बदल करा: तीच ओळ, पण ‘दू’ च्या जागी ‘झी’, किंवा आज च्या जागी काल. ‘वास माखस्ट दू डेन दा?’ चं ‘वास माखन झी डेन दा?’ करता आलं की ओळ तुमची झाली.

> इशारा: खलनायक, बंडखोर तरुण, दारुडा यांच्या ओळी पाठ करू नका. शिव्या लगेच तोंडात बसतात आणि भलत्या वेळी बाहेर येतात.

## ११. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा

परत सबटायटलशिवाय, एकदा, पूर्ण वेगात. कालच्या रिकाम्या रेघा आज ऐकू येतायत का? बहुतेक आल्या तर तुकडा संपला, पुढचा घ्या. तीन-चार जागा अजून अडत असतील तर फक्त तेवढ्याच लूपवर लावा. तुकडा शंभर टक्के कळेपर्यंत त्यालाच धरून बसू नका, त्याने कंटाळाच वाढतो, काही जागा तिसऱ्या तुकड्यानंतर आपोआप सुटतात. आठवडाभराने मात्र जुने तुकडे एका दमात ऐकून टाका, जेवता जेवता ऐकले तरी चालतील.

## १२. आणि मग आख्खा सिनेमा

आठवड्यातून एक दिवस. ज्या सिनेमाचे तुकडे केले तोच, जर्मन ऑडिओ, जर्मन सबटायटल, आणि हात रिमोटपासून लांब. पॉज नाही, डिक्शनरी नाही, वही नाही. इथे हरवून जायला परवानगी आहे, दहा मिनिटं कळलं नाही तरी चालतं, गोष्ट परत हाताला लागते. इथे अभ्यास केला की सिनेमाची मजाही जाते आणि सलग ऐकायची सवयही लागत नाही.

सबटायटल काढायचं कधी? एकदम नाही. आधी ज्या सीनवर काम झालंय तिथे काढा, मग सिनेमाची शेवटची वीस मिनिटं, तोपर्यंत सगळे आवाज ओळखीचे झालेले असतात. बी१ च्या आसपास असाल तर अजून एक मार्ग आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो: दृष्टिहीनांसाठीची ऑडिओडेस्क्रिप्शन आवृत्ती. मेडियाथेकवर बऱ्याच सिनेमांची असते. त्यात संवादांच्या मधल्या जागेत निवेदक पडद्यावर काय चाललंय ते सांगतो, स्वच्छ आवाजात, छोट्या वाक्यांत, वर्तमानकाळात: तो दार उघडतो, ती खिडकीपाशी जाते, टेबलावर पत्र पडलंय. रोजच्या हालचालींची क्रियापदं यातून जशी मिळतात तशी संवादातून मिळत नाहीत, कारण दार उघडताना ‘मी दार उघडतोय’ असं कोणी बोलून दाखवत नाही.

## अडलात तर

तीन तुकडे झाले आणि अजूनही पहिलाच ढीग, म्हणजे माहीत नसलेल्या शब्दांचा, सगळ्यात मोठा आहे, तर सिनेमा अवघड आहे, सरळ बदला, दोन-तीन महिन्यांनी परत बघा. दुसरा ढीग मोठा असेल तर सिनेमा बरोबर आहे, बदलू नका, लिहून काढण्याच्या ओळी वाढवा. तिसरा मोठा असेल तर थोडे दिवस सिनेमा बाजूला ठेवून व्याकरणाच्या पुस्तकातलं तुटणाऱ्या क्रियापदांचं आणि ‘वाइल, दास, वेन’ (कारण, की, जेव्हा/जर) या जोडवाक्यांचं प्रकरण काढा, आणि ते झालं की त्याच तुकड्याकडे परत या, नवा घेऊ नका.